पडदा बोलतो, पण कोणाच्या भाषेत?

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे टिपणारी यंत्रे नंदुरबार जिल्ह्यात अशी सर्वांच्या आधी पोचली. पुढच्याच वर्षी जनगणना झाली. सात वर्षांवरील लोकांमध्ये साक्षरांचे प्रमाण राज्यात ८२ टक्क्यांच्या वर होते, तर नंदुरबारमध्ये ते जेमतेम ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी निघाले. यंत्र गावात येणे आणि अक्षर डोक्यात शिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी या दोन घटना शेजारी ठेवल्यावर ध्यानात यावे.

त्यानंतर यंत्र शाळेतही आले. जून २०१५ मध्ये राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू केला. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून गाजू लागली आणि लोकवर्गणीतून दूरदर्शन संच, प्रोजेक्टर, टॅब्लेट घेण्याची लाट राज्यभर पसरली. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे मंच आले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेत छापले गेले. २०१८ मध्ये नंदुरबारची निवड केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. २०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टाबद्दल आमचे दुमत नाही. पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनासाठी पडद्यावर जे दाखवले जाते, ते या जिल्ह्यातल्या मुलांच्या उपयोगाचे आहे का, एवढेच आम्हांला तपासायचे आहे.

वाचन म्हणजे गुणाकार

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेचे आकलन. येथे चिन्ह बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक जरी शून्य असेल तरी उत्तर शून्यच येते. हे पटत नसेल तर एखादे नेपाळी वर्तमानपत्र हाती घेऊन पाहावे. लिपी देवनागरीच आहे. आपण ओळीच्या ओळी घडाघडा उच्चारू शकतो, पण बातमी पुरती समजत नाही. उकल पूर्ण आहे, आकलन अपुरे आहे.

आता अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरपाड्यावरचे सहा वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरात पावरी, भिली किंवा मावची बोलली जाते. सपाटीवरच्या गावांत अहिराणी आणि गुजर समाजाची बोली आहे. शाळेतली प्रमाण मराठी ही यांतल्या बहुतेक मुलांची दुसरी भाषा होय. पहिलीत त्यांना नवी लिपी आणि नवी भाषा एकाच वेळी शिकावी लागते. पुण्या-नाशिकच्या मुलाला या दोहोंपैकी एकच ओझे उचलायचे असते. पडद्यावरचा पाठ मात्र दोघांना एकच मिळतो.

‘म’ कोणाचा?

लहान मुलांसाठीच्या बहुतेक चित्रफिती ‘ग गणपतीचा’ या जुन्या तक्त्याच्याच हलत्या-बोलत्या आवृत्त्या आहेत. चित्र येते, अक्षर उडी मारते, मधुर आवाज शब्द उच्चारतो. या पद्धतीचे तत्त्व असे की, चित्र पाहताच मुलाच्या मनात शब्द यावा आणि त्या शब्दाचा पहिला ध्वनी अक्षराला चिकटावा. म्हणजे ही पद्धत चित्राच्या नव्हे, तर मुलाच्या मनात आधीच असलेल्या शब्दाच्या आधारावर उभी आहे.

तो शब्दच वेगळा असला तर? मुलाचे चित्र दाखवून पडदा ‘म’ म्हणतो, अहिराणी घरातल्या पोराच्या तोंडी मात्र ‘आंडोर’ येते. शेताचे चित्र दाखवून ‘श’ शिकवावा, तर खानदेशात शेताला ‘वावर’ म्हणतात. चित्र आणि अक्षर यांच्यामधला पूल येथेच तुटतो. मूल मग अक्षर नव्हे, तर तक्ता पाठ करते. क्रमाने विचारले की सांगते, मधलेच अक्षर विचारले की अडते. सपाटीवरच्या अहिराणीची ही स्थिती, तर मराठीपासून आणखी दूर असलेल्या पावरीचे काय होत असेल याची कल्पना करावी. ‘ऐ ऐरणीचा’ किंवा ‘ऋ ऋषीचा’ यांबद्दल तर बोलायलाच नको. ते शब्द शहरातल्या मुलांच्याही रोजच्या ओळखीचे उरलेले नाहीत.

हा दोष अर्थात यंत्राचा नाही, तो जुन्या तक्त्याचाच आहे. यंत्राने त्याला रंग आणि संगीत दिले, त्यामुळे तो सहज ध्यानात येत नाही. वर्ग शांत बसलेला असतो, मुले पडद्याकडे एकटक पाहत असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की शिकणे चालले आहे.

याउलट, चालते चित्र खरोखर उपयोगी पडेल अशी जागा देवनागरी लिपीतच आहे, पण तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ‘कि’ या अक्षरात आधी ‘क्’ चा ध्वनी येतो व मग ‘इ’ चा, डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ चा उच्चार ‘य’ च्या आधी, पण रफार ‘य’ च्या डोक्यावर. ध्वनींचा क्रम आणि चिन्हांचा क्रम जुळत नाही, येथे मुले हमखास चुकतात. चिन्हे ध्वनींच्या क्रमाने एकेक उमटताना दाखवली, तर ही अडचण उलगडू शकते. हे काम खडू-फळ्यावरही होते, पण पडद्यावर ते मुलाला हवे तितक्या वेळा पाहता येते. यंत्राचा खरा गुण हाच. ते कंटाळत नाही आणि रागावत नाही.

गोष्ट ऐकली, पण बोलले कोण?

शब्दसंग्रहासाठी गोष्टींच्या चित्रफिती दाखवल्या जातात. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतील ध्वनी ऐकवण्यात आले. काही बाळांशी चिनी बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, काहींनी तेच दूरदर्शनवर पाहिले, काहींनी नुसते ध्वनिमुद्रण ऐकले. माणसाच्या सहवासातील बाळे ते ध्वनी ओळखू लागली, इतरांना काही लाभ झाला नाही. बाळांवरून सहा वर्षांच्या मुलांबद्दल सरसकट निष्कर्ष काढू नये हे खरे, पण भाषा ही देवाणघेवाणीतून येते, ही गोष्ट अनुभवी शिक्षकाला नवी नाही.

थोडे गणित करू. चाळीस मिनिटांचा तास आणि तीस मुले. प्रत्येकाला बोलायला समान संधी दिली, तर एकेकाच्या वाट्याला ८० सेकंद येतात. त्यात वीस मिनिटांची चित्रफीत लावली की उरतात ४० सेकंद. मराठी ज्यांना फक्त शाळेतच बोलायला मिळते, त्या मुलांच्या तोंडचे निम्मे बोलणे आपण पडद्याला देऊन टाकतो. शहरातल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याचे बोलणे घरी पुरे होते.

लेखनाचेही तसेच. फ्रान्समध्ये मारिएक लाँगकाँ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी अक्षरे हाताने लिहून शिकली, काहींनी कळफलकावर टंकून. गटातल्या मोठ्या मुलांमध्ये हाताने लिहिणाऱ्यांना अक्षरे अधिक चांगली ओळखता आली. अक्षराचे वळण हाताच्या हालचालीतूनही स्मरणात जाते. पर्यायावर बोट ठेवून गुण मिळवणे, हा लेखनाचा सराव नव्हे.

प्रयोगांनी काय दाखवले?

यंत्रांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले जाते, मोजमाप मात्र थोडे झाले आहे. ‘प्रत्येक मुलाला संगणक’ या जागतिक योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट येथील छोट्या शाळेत झाला. हीच योजना पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. २०१२ मध्ये तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणितातील गुणांत फरक आढळला नाही.

नंदुरबारच्या शेजारी गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांत लिंडेन यांनी केलेला अभ्यास (२००८) अधिक उद्बोधक आहे. विषय गणिताचा होता. शिकवण्याचा वेळ काढून घेऊन तेथे संगणक बसवला, तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून वापरला, तेव्हा मुलांना, विशेषतः मागे असलेल्यांना, लाभ झाला. यंत्र तेच होते. ते कशाच्या जागी आले, यावर परिणाम ठरला.

महाराष्ट्रात ‘प्रथम’ संस्थेच्या इंग्रजी कार्यक्रमात शब्द शिकवणारे यंत्र आणि शिक्षकांनी घ्यायचे चित्रपत्त्यांचे खेळ यांची तुलना झाली. दोहोंनी मुलांचे इंग्रजी सुधारले. पण स्वतःच्या गतीने चालवायच्या यंत्राचा फायदा हुशार मुलांना जास्त झाला, तर मागे असलेल्या मुलांना शिक्षकांनी घेतलेल्या खेळांचा. ज्या जिल्ह्यात मागे असलेली मुले जास्त, तेथे या निष्कर्षाचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि एक गोष्ट. २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणाने देशातील लाखो मुलांचे वाचन तपासले. त्याचे साधन काय? अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट छापलेला एक कागद, आणि मुलाशेजारी बसणारा एक माणूस.

मग यंत्राचे करायचे काय?

ते परत पाठवा, असे आम्ही म्हणत नाही. त्याची दिशा उलटी करा, असे म्हणतो. पडद्याने मुलांना ऐकवण्यापेक्षा मुलांनी यंत्राला ऐकवावे.

नर्मदाकाठच्या पाड्यांत १९९१-९२ पासून ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाण ही त्यांतली आरंभीची गावे. तेथे मुलांच्या भाषेतून शिक्षणाची सुरुवात करण्याचा प्रयत्न झाला. नर्मदा खोऱ्यात पोराटोरांच्याही तोंडी असलेली ‘आमु आखा एक से’ ही घोषणा घ्या. चार शब्द. ‘एक’ मराठीत जसाच्या तसा आहे. ‘आखा’ मराठी ‘अख्ख्या’चा सोयरा. ‘आमु’वरून ‘आम्ही’ आणि ‘से’वरून ‘आहोत’ असा मार्ग आहे. हे वाक्य फळ्यावर लिहिले तर अर्थ मुलाला आधीच ठाऊक असतो, शिकायची असते ती फक्त अक्षरे. गुणाकारातला एक आकडा पहिल्या दिवसापासून भरलेला. त्याखाली ‘आपण सारे एक आहोत’ असे लिहिले की दुसरा धडा, मराठीचा, सुरू होतो.

येथे मोबाइल फार कामाचा आहे. मोहाची फुले वेचायला गेल्याची हकिकत, काठीची होळी, अस्तंब्याची यात्रा यांबद्दल मुलाने आपल्या भाषेत सांगावे. शिक्षकाने ते ध्वनिमुद्रित करावे. पावरी किंवा भिली न येणाऱ्या शिक्षकाला ते सावकाश पुन्हा ऐकता येते, गावातल्या जाणत्याकडून समजून घेता येते. मग त्यातली चार-पाच वाक्ये ऐकू येतात तशी देवनागरीत लिहावीत. शुद्धलेखनाची धास्ती येथे नको. प्रोजेक्टर असेल तर तोच मजकूर भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाडून तीस मुलांना मिळून वाचता येतो. एका पुस्तकाभोवती तीस डोकी दाटण्याची अडचण यंत्राने खरोखर सुटते. वीज गेली तर तोच मजकूर कागदावर आहेच.

ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द उमटवण्याचा प्रयोग सुरू केला. गाणे पाठ असते, म्हणून डोळे शब्दांमागे धावतात. पावरी गाण्यांखाली पावरी शब्द उमटवणे आज एखाद्या शिक्षकालाही आपल्या फोनवर करता येईल. अक्षरे शिकवण्याचा क्रमही मुळाक्षरांचाच हवा असे नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे लहान गट करून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देण्याची पद्धत घडवली. हे गट मुलांच्या बोलीतल्या शब्दांवरून बांधता येतील.

आक्षेप येईल की अशाने मुले मराठीत मागे राहतील. आमचे म्हणणे असे की, वाचन म्हणजे काय हे मूल एकदाच शिकते. एका भाषेत ते कळले की दुसऱ्या भाषेत पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, विशेषतः लिपी एकच असताना. संविधानाच्या ३५० (क) या अनुच्छेदाने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींची जबाबदारी राज्यांवर टाकलेली आहे, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरणही तेच सांगते. तेव्हा ही शिक्षकाने मागायची सवलतही नाही.

नवी चित्रफीत किंवा नवे अॅप शाळेत आले की तीन प्रश्न विचारावेत. यातले शब्द माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात आहेत का? हे चालू असताना मुले किती बोलतात आणि किती लिहितात? आणि पडदा बंद केल्यावर मूल आपल्या मनातली तीन वाक्ये स्वतःच्या हाताने लिहू शकते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अॅपमधल्या गुणांवरून मिळत नाही. त्यासाठी मुलाला कोरा कागद द्यावा लागतो आणि शेजारी बसावे लागते.

डोंगरपाड्यावरचे जे मूल चौथीपर्यंत वाचू शकत नाही, त्याला पाचवीत पुन्हा कोणी बाराखडी शिकवत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर ते एकदा गेले की बहुधा सुटतेच. पहिली-दुसरीतले तास म्हणून मोलाचे आहेत. ते कशावर खर्च करायचे, हे पडद्याने नव्हे, शिक्षकाने ठरवावे.