'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका

11 एप्रिल आला की महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार पडतात आणि तेथून 14 एप्रिलपर्यंत यवतमाळ शहरात व तालुक्याच्या गावोगावी व्याख्याने रंगतात. प्रत्येक वक्ता 'गुलामगिरी'चे नाव घेतो. ग्रंथ प्रत्यक्ष उघडणारे मात्र थोडे, आणि उघडल्यावर अर्पणपत्रिकेपाशी थांबणारे त्याहून थोडे. प्रस्तुत लेखात त्या अर्पणपत्रिकेचाच विचार करावयाचा आहे. साऱ्या ग्रंथाची किल्ली तेथे आहे असे माझे मत आहे. आणि आपल्या जिल्ह्यातील काळ्या मातीचाही तिच्याशी संबंध आहे.

'गुलामगिरी' 1873 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ग्रंथ अर्पण केला आहे तो कोणा संस्थानिकाला किंवा आश्रयदात्याला नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनतेला. तिने काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी जे औदार्य व जो त्याग दाखवला त्याबद्दल. 1861 ते 1865 या यादवी युद्धानंतर तेथील घटनेने गुलामी रद्द केली, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. ज्याने कधी समुद्र ओलांडला नाही अशा पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला ही दूरची घटना घरची वाटावी, हेच मुळी विलक्षण. स्कॉटिश मिशनची शाळा आणि थॉमस पेनचे ग्रंथ यांतून त्यांची दृष्टी घडली हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध 1855 साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदया'त छापून आला होता. आपल्या लोकांच्या स्थितीला 'गुलामगिरी' हे नाव देण्याचे धैर्य त्यांना दुसऱ्यांची बेडी तुटलेली पाहून आले.

त्याच युद्धाने आपले वऱ्हाडही बदलले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांत गुलामांच्या हातांनी वेचला जाणारा कापूस बंदरांत अडकला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून नुकताच आकाराला येत होता. भाव चढले, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि सावकाराची वही तेवढी उरली. एकाची मुक्ती दुसऱ्याच्या दारी कर्ज होऊन आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. शेतकऱ्याच्या या दैन्यावर जोतीरावांनी पुढे 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो 'गुलामगिरी'चाच उत्तरार्ध मानावा.

अर्पणपत्रिकेत मला एक उणीव जाणवते, ती आदरपूर्वक नोंदवतो. जोतीराव मुक्ती देणाऱ्यांचे आभार मानतात. मुक्ती हिसकावून घेणारे तेथे दिसत नाहीत. फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन, उत्तरेच्या सैन्यात लढलेले सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक यांचा उल्लेख नाही. मग वाटते, ही अर्पणपत्रिका अमेरिकेपेक्षा पुण्यासाठीच लिहिलेली असावी. तुमच्यासारख्याच वरच्या लोकांनी तिकडे हे केले, तुम्ही कधी करणार, हा तिच्यामागचा प्रश्न आहे. देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही आशा त्यांनी तेथे बोलूनही दाखवली आहे.

ग्रंथाचे सोळा भाग बहुतांशी धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात आहेत. आपल्या प्रश्नोत्तरीच्या सवयीमुळे ही रचना परिचित वाटते. पण प्रश्नोत्तरीतले मूल शंका घेत नाही, धोंडीबा घेतो. अवतारकथांचा जो इतिहास जोतीराव सांगतात, मत्स्य-कच्छ म्हणजे स्वाऱ्या, परशुराम म्हणजे संहार, तो आजच्या इतिहाससंशोधनाच्या कसोटीला उतरणार नाही. व्युत्पत्ती तर अनेक ठिकाणी ओढून आणलेल्या आहेत. एवढ्यावरून ग्रंथ बाजूस सारणाऱ्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 1965 चा 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज आठवावा. लेखकाला काय सांगावयाचे आहे ते समजण्यासाठी त्याचा साहित्यप्रकार ओळखावा, असे तो शिकवतो. जी कथा ऐकवून माणसाला वाकवले तीच कथा उलट्या बाजूने सांगून त्याला उभे करणे, हा येथील प्रकार आहे.

ख्रिस्ती वाचक सुखावेल असे या ग्रंथात बरेच आहे. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांविषयी कृतज्ञता आहे. प्रभू येशूला तर जोतीरावांनी बळीराजाच्या परंपरेत बसवले आहे. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणत ओवाळणाऱ्या मायबहिणींच्या तोंडी देवराज्याची प्रार्थनाच आहे, असे हे पान वाचताना वाटते. पण हे कौतुक आपण आपल्या नावावर जमा करू नये. ते मिशनरी प्रॉटेस्टंट होते. आपल्या बाजूचा हिशेब निराळा आहे. 1452 मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना दास करण्याची मुभा दिली. 1838 मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी 272 गुलाम विकले. गोव्यासह पोर्तुगीज प्रदेशात गुलामी कायद्याने गेली ती 1869 साली, आणि तीही मुक्त झालेल्यांनी आणखी काही वर्षे जुन्या मालकाकडेच राबावे या अटीवर. पोप सोळावे ग्रेगरी यांनी 1839 मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला होता, हेही सांगितले पाहिजे. 1888 च्या मे महिन्यात तीन तारखा एकापाठोपाठ येतात: 5 तारखेला पोप तेरावे लिओ यांचे ब्राझीलच्या बिशपांना गुलामीविरोधी पत्र, 11 तारखेला मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी, 13 तारखेला ब्राझीलमध्ये गुलामीचा अंत. तिघांनाही एकमेकांची वार्ता बहुधा नसावी.

जोतीरावांचा रोख जातीवर होता, आणि जात ख्रिस्तसभेच्या दाराशी चपला काढून बसलेली नाही. भारतीय बिशप परिषदेला 2016 साली दलित ख्रिस्ती बांधवांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. आपल्या धर्मग्रामांत लग्न जुळवताना जे प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात ते सर्वांना ठाऊक आहेत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. तरी विदर्भातला सालगडी गुढीपाडव्याला वर्षभरासाठी बांधला जातो, उचल घेतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या पाडव्यालाही तोच वाडा, तेच बैल. मालकाच्या वहीत त्याचे नाव बैलांच्या खर्चाखाली लिहिलेले आढळले तर धोंडीबाने काय विचारले असते?

ज्या कुटुंबांना हा ग्रंथ वाचावयाचा असेल त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' मिळवावे. आधी संवाद वाचावेत, मोठ्याने, दोघांनी दोन भूमिका घेऊन. धोंडीबाची भूमिका घरातील मुलांकडे द्यावी. अर्पणपत्रिका शेवटी वाचावी.