दोन पिकअप, दोन निषाद

गन्स अँड रोझेसच्या 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'मधला मोठा सोलो साडेतीन मिनिटांच्या आसपास सुरू होतो. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा अल्बम १९८७चा. पुढच्या वर्षी हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हापासून हा सोलो इतक्यांनी वाजवला आहे की गिटारच्या दुकानात कोणी तो सुरू केला, की विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तरीही त्याच्या मधोमध घडणारी एक गोष्ट बहुतेक नकलांमधून निसटते: बँडचा गिटारवादक स्लॅश तिथे नेक पिकअप सोडून ब्रिज पिकअपवर जातो.

त्याच्या हातातली गिटार क्रिस डेरिग या कारागिराने बनवलेली गिबसन लेस पॉलची प्रतिकृती होती. तिच्यात सेमोर डंकनचे ॲल्निको टू प्रो हे हम्बकर पिकअप. हम्बकर ही सेथ लव्हर यांनी गिबसनसाठी घडवलेली चीज; पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९मध्ये. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट. त्यामुळे विजेची घरघर आपसांत कटते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. नेकचा आणि ब्रिजचा हम्बकर अगदी सारखा असला तरी आवाज वेगळाच येणार, कारण खरा फरक जागेचा आहे. ब्रिजपाशी तार जेमतेम हलते. मूळ स्वर तिथे दुबळा आणि वरचे उपस्वर ठसठशीत. गळ्याकडे तीच तार ऐसपैस झुलते आणि मूळ स्वर भरून येतो. ब्रिजच्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात ते याचसाठी, की दोघांचा आवाज बरोबरीला यावा.

'नेक गोड, ब्रिज तिखट' एवढ्यावर कॅटलॉग थांबतात. या गाण्याने ते किती अपुरं आहे हे दाखवून दिलं.

सुरुवातीची ती प्रसिद्ध धून बाराव्या फ्रेटच्या वर, तारांवरून उड्या मारत जाते. स्लॅश ती नेकवर वाजवतो. ब्रिजवर वाजवून बघा, प्रत्येक उडी टोचते. गिबसनच्या स्विचभोवतीच्या चकतीवर नेकच्या जागेला 'रिदम' म्हटलेलं असतं, पण इथे तीच जागा गाऊ लागते. हेच नेकवर खालच्या जाड तारांवर, गेन वाढवून केलं असतं तर गढूळ झालं असतं. वरच्या पट्टीत मात्र तो गोलवा हवाहवासा वाटतो.

मग मोठा सोलो. पहिला भाग नेकवरच, ई हार्मोनिक मायनरमध्ये (गिटार अर्धा स्वर उतरवलेली, म्हणून कानाला ई-फ्लॅट). आपल्या कानाला हे स्वर ओळखीचे: कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, म्हणजे किरवाणीचे. गाणं किरवाणीत आहे असा दावा मी करणार नाही. स्वर जुळतात, इतकंच. पण तो शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ घेतो तेव्हा त्याला टोकदार आवाज चालला नसता. एकेक स्वर लांबवलेला, मींड सावकाश, आणि नेकच्या हम्बकरमुळे स्वराची कड मऊ झालेली. घाई कुठेच नाही.

पुढे कॉर्ड बदलतात, निषाद कोमल होतो, पाच स्वरांची मायनर पेंटाटोनिक पुढे येते. याच सुमारास स्विच ब्रिजकडे जातो आणि पाय वाह पेडलवर. हे दोन्ही एकत्र येणं योगायोग नाही. वाह म्हणजे सरकता फिल्टर. तो ध्वनीतला एक पट्टा उचलून धरतो आणि वरखाली फिरवतो. उचलायला वरचे उपस्वर भरपूर हवेत, नाहीतर पेडल नुसतं हलतं आणि काही बोलत नाही. ते उपस्वर ब्रिज पुरवतो. त्याच वाक्यांना नेकवर हा आक्रोश आला नसता.

म्हणजे राग बदलला (राग दोन्ही अर्थांनी), तशी पिकअपची जागा बदलली. मला या सोलोत वेगापेक्षा हा निर्णय मोठा वाटतो. हल्लीचे बरेच वादक गेन चढवून ब्रिजवरच बसून राहतात. त्यांचा सोलो पहिल्या स्वरापासून ओरडत असतो, मग शेवटी ओरडायला काही उरत नाही.

तेव्हा नवा हम्बकर घेण्याआधी आपण काय वाजवतो ते पाहावं. वरच्या पट्टीतल्या संथ ओळी असतील तर पैसा आधी नेकवर घालावा; जाड तारांवरचे रिफ आणि वाह असेल तर ब्रिजवर. आणि हे गाणं ऐकताना अल्बममधली जवळजवळ सहा मिनिटांची आवृत्तीच लावा. रेडिओसाठीच्या छोट्या आवृत्तीत नेमकी या सोलोला कात्री लागली आहे.