दोन गवई आणि एक तराजू

दिवाळीत एका घरची चकली ताटातून दुसऱ्या घरी जाते, आणि जाताना एक मुका प्रश्नही बरोबर नेते : आमची सरस, की तुमची? खुसखुशीतपणाला शेर नाही, पायली नाही. तेव्हा शेजारणीची चकली हेच आपल्या चकलीचे माप ठरते. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. धावणाऱ्याजवळ घड्याळ असते. गाणाऱ्याजवळ तसे काही नसते. जेथे असे बाहेरचे माप नाही, तेथे माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहतो. आणि तो दुसराही बहुधा आपल्याच तोलाचा निवडतो.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. घराण्यांच्या भांडणाचे नाटक म्हणून त्याची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. मला मात्र ते चुकीच्या मापाचे नाटक वाटते. विश्रामपूर संस्थानात राजगायकपदासाठी पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यात चुरस आहे. खाँसाहेबांचे दुःख नुसत्या हेव्याचे असते, तर ते फार साधे झाले असते. पण त्यांचा कान तयार आहे. पंडितजींची थोरवी दरबाराला जितकी कळते, त्याहून अधिक ती खाँसाहेबांना कळते. म्हणूनच पुढे राजगायकपद आणि हवेली हाती येऊनही त्यांचे चित्त स्वस्थ होत नाही. पंडितजींचा शिष्य सदाशिव विद्या मागायला दारात उभा राहतो, तेव्हा विजयी गवयाला त्याच्यात शिष्य दिसत नाही. जुना तराजूच पुन्हा दिसतो.

नाटकाचे मर्म मला संवादांपेक्षा एका पदात सापडते. ‘घेई छंद’ हे एकच पद जितेंद्र अभिषेकींनी दोन वेगळ्या चालींत बांधले : पंडितजींच्या गायकीसाठी सालगवराळीत, खाँसाहेबांच्या गायकीसाठी धानीत. शब्द तेच, पण एक चाल संथपणे उमलते, दुसरी उसळी घेत येते. यांतली मोठी कोणती? असा प्रश्न विचारणाऱ्याने दोन्ही ऐकलेल्या नाहीत, असे खुशाल समजावे. दरबाराला एक आसन आहे, म्हणून त्याला एकच गवई हवा. संगीताला अशी अडचण नाही. दारव्हेकरांनी सांगायचे ते अभिषेकींनी स्वरांत सांगून टाकले.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब इतके प्रभावी ठरले, की प्रेक्षागृहातील तराजू आपोआप त्यांच्या बाजूला झुकला. तानेवर टाळ्या पडतात. संथ स्वराला शांततेचीच दाद मिळते, आणि ती मोजता येत नाही. म्हणजे नाटक ज्या खोडीवर बोट ठेवते, तीच खोडी प्रेक्षक नकळत करून घरी जातो.

आणि योगायोग असा, की वसंतरावांनी हे माप स्वतः सोसले होते. अनेक गुरूंकडून विद्या घेतलेल्या, लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेल्या या गवयाला कोणत्या घराण्याच्या फूटपट्टीने मोजावे, हेच पुष्कळांना उमगत नव्हते. खाँसाहेबांची तगमग त्यांच्या गळ्यातून इतकी खरी उतरली, त्यामागे हेही असावे.

सदाशिवही तुलना करतोच. पण ‘मी यांच्याहून किती उणा?’ एवढ्यावर तो थांबत नाही; ‘यांच्यापाशी असे काय आहे, जे मला घेता येईल?’ असे तो विचारतो. पहिल्या प्रश्नाने माणूस खचतो किंवा फुगतो. दुसऱ्याने तो शिकतो.

प्रस्तुत लेखक लहानपणी पेटी शिकायला बसला होता. शेजारच्या मुलाची बोटे अधिक सफाईने फिरत, म्हणून महिन्याभरात पेटीचा भाता मिटला तो कायमचा. त्या मुलाच्या शेजारी बसून बोटे पाहावीत, असे कोणी सुचवले नाही. मलाही सुचले नाही. आज हे पद ऐकताना त्या मिटलेल्या भात्याची आठवण होते. तेव्हा यंदा शेजारची चकली सरस लागली, तर मन खट्टू न करता भाजणीचे प्रमाण विचारून घ्यावे!