खुदी, सवाल आणि आपले लेखन

'खुदी'ला मराठीत काय म्हणावे? आमच्या शाळेच्या भिंतीवर इक्बालांचा या शब्दाचा तो सुप्रसिद्ध शेर रंगवलेला आहे. तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा घाईत आमच्या तोंडून 'अहंकार' निघून गेले. साहेब हसले. शाळेच्या भिंतीवर अहंकार वाढवण्याचा उपदेश! तेव्हापासून हा शब्द आम्हास सलत राहिला आहे.

चूक आमची होती, पण नवी नव्हती. रूढ उर्दूत खुदी म्हणजे मीपणा, गुरूर. सूफींनी तर ती मिटवायलाच सांगितले. म्हणूनच १९१५ साली 'असरार-ए-खुदी' ही फारसी मसनवी प्रसिद्ध करताना इक्बालांना प्रस्तावनेत खुलासा करावा लागला की, हा शब्द घमेंडीच्या अर्थाने वापरलेला नाही, 'एहसास-ए-नफ्स' एवढाच त्याचा अर्थ आहे. तरी वाद झालाच. त्यात हाफिजवर केलेल्या टीकेने ख्वाजा हसन निजामींसारखी मंडळी दुखावली आणि पुढच्या आवृत्तीतून त्या ओळी गेल्या. मराठीत त्यातल्या त्यात 'आत्मभान' हा शब्द आम्हास जवळचा वाटतो.

पण इक्बालांच्या मते खुदी नुसती जाणायची वस्तू नाही, ती घडवावी लागते. इश्काने ती बळकट होते आणि सवालाने, म्हणजे मागण्याने, दुबळी होते. उंटावरून चाबूक खाली पडला तर हजरत उमर (रजि.) दुसऱ्याला न सांगता स्वतः उतरून तो उचलत, या प्रसंगाकडे इक्बाल बोट दाखवतात. १९२० साली निकोल्सन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्यासोबत छापलेल्या इक्बालांच्या विवेचनात ही कल्पना आणखी पुढे जाते. बापाच्या दौलतीवर जगणारा श्रीमंताचा मुलगाही मागणाराच आणि दुसऱ्याचे विचार आपले म्हणून वापरणाराही मागणाराच. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. शिक्षकाचा निम्मा दिवस दुसऱ्यांचे विचार वाटण्यातच जातो.

मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही आठवीच्या मुलांना 'मी कोण आहे?' यावर लिहायला सांगितले. (बी.एड.ला 'आत्मसंकल्पने'वर आम्ही पाने भरभरून लिहिले होते, तो उत्साह अजून उरला आहे.) एका मुलाचा निबंध 'मी तसा नाही' असा सुरू झाला. लोक समजतात तसा नाही, टीव्हीवर दाखवतात तसा नाही. पूर्ण पानभर 'नाही'. तेरा वर्षांचे पोर कोणाला उत्तर देत होते? वही परत देऊन एकही 'नाही' न वापरता पुन्हा लिहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चारच ओळी आल्या. मामूच्या सायकलच्या दुकानात तो पंक्चर काढतो आणि ट्यूब फार झिजली असेल तर गिऱ्हाइकाला खरे सांगतो, त्यावरून मामू रागावतो. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

आमच्या साहित्याचे पहिले पान अजून त्या मुलाच्या पहिल्या निबंधासारखे आहे, असे आम्हास वाटते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून 'आत्मभान' हा शब्द आपल्या भाषणांत आणि अंकांत सतत येतो. डिसेंबर १९९२ नंतर ज्या कविता आल्या, त्या यायलाच हव्या होत्या. जखम झालेला माणूस बोलणारच. परंतु कविता पुन्हा पुन्हा देशप्रेमाचा दाखला सादर करू लागते, 'आम्हाला आपले म्हणा' अशी विनवणी करते, तेव्हा तो इक्बालांच्या अर्थाने सवालच होय. दाखला देणारा समोर बसलेला असतो आणि कवितेचा मजकूर तोच ठरवतो.

असे न मागता लिहिणारेही आपल्यात होऊन गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली 'योगसंग्राम' पूर्ण केला. मराठीत लिहिलेल्या या संग्रामातला शत्रू बाहेर नाही, आत आहे. हमीद दलवाईंच्या पुढच्या भूमिकांशी आमचे मतभेद आहेत, पण १९६५ची 'इंधन' ही कादंबरी कोणाची वकिली करत नाही. कोकणातल्या त्या गावातली माणसे, आपली आणि शेजारची, लोभ आणि भीतीसकट उभी राहतात. आपल्या संमेलनांत दलवाईंवर वाद पुष्कळ होतात, 'इंधन'वर मात्र क्वचितच कोणी बोलते.

इक्बालांशीही आमची एक तक्रार आहे. 'असरार'मध्ये तहानलेला पक्षी हिऱ्याला पाण्याचा थेंब समजतो. हिरा गिळता येत नाही, म्हणून तो दवबिंदू पिऊन टाकतो. कवी आपल्याला हिरा व्हायला सांगतो. वर्गात ही गोष्ट सांगताना आम्ही बिचकतो, कारण मुले कठीणपणाचा अर्थ चटकन दांडगाई असा घेतात. शिवाय तीनच वर्षांनी, १९१८ साली, 'रुमूज-ए-बेखुदी' आली आणि नुकताच स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस मिल्लतीच्या रांगेत उभा केला गेला. व्यक्ती जमातीतच फुलते, हे आम्हास मान्य आहे. पण जमातीचे मत मला पटले नाही तर काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर आम्हास त्या दुसऱ्या मसनवीत सापडले नाही. मामूच्या दुकानातल्या त्या मुलापुढेही हाच प्रश्न आहे.

आणि हा लेखही आम्ही 'आम्ही' म्हणूनच लिहिला. सवय आहे. पुढच्या अंकासाठी एखादा परिच्छेद तरी 'मी'ने सुरू करावा म्हणतो.