एकसंध बत्तीस

एएमडीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर एप्रिल २०१८मध्ये आला, रायझन ५ ३६०० जुलै २०१९मध्ये आणि रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२मध्ये. बाजारात उतरताना तिघांचीही अमेरिकेतली किंमत १९९ डॉलर होती. तिघांत सहा कोअर आणि बारा थ्रेड. तिघांच्या कपाळी ६५ वॉट. तिघे एकाच एएम-४ सॉकेटात बसतात आणि तिघांच्या खोक्यात तोच बुटका रेथ स्टेल्थ कूलर येतो. कमाल वेग अनुक्रमे ३.९, ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे चार वर्षांत जेमतेम तेरा टक्के वाढ. दुकानातल्या कोटेशनवर एकाखाली एक लिहिले तर सख्खे भाऊ वाटावेत. पण चांगलं ग्राफिक्स कार्ड लावून गर्दीचा गेम सुरू केला, की २६०० आणि ५६०० यांच्यातलं अंतर त्या तेरा टक्क्यांत मावत नाही. ते येतं कुठून, याचा माग काढत जाणं हाच ५६००चा आस्वाद घेण्याचा मार्ग. कमी पैशांत जुना गेमिंग पीसी सुधारू पाहणाऱ्याला याहून सुंदर घडणीची चिप मला तरी दाखवता येणार नाही.

आधी गेम प्रोसेसरकडून काय मागतो ते पाहू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सातसुद्धा नाहीत. तेवढ्यात कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कठड्याला घासली की निसटली, हे सगळं ठरवून ग्राफिक्स कार्डाला चित्राची आज्ञा द्यायची. ही कामं एका सरळ रांगेत नसतात. प्रत्येक पात्राची, प्रत्येक वस्तूची माहिती मेमरीत वेगवेगळ्या जागी विखुरलेली असते. त्यामुळे गेम चालवणाऱ्या प्रोसेसरचा बराचसा वेळ गणितात जात नाही, माहितीची वाट पाहण्यात जातो.

ही वाट मोजता येते. ५६००मध्ये हवी ती माहिती पहिल्या पातळीच्या कॅशेत, म्हणजे चिपवरच्याच छोट्या, जलद साठ्यात असेल तर प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार ठोक्यांत हाती येते, दुसऱ्या पातळीवर असेल तर बारा ठोक्यांत, तिसऱ्या पातळीवर सेहेचाळीस. तिथेही नसेल तर रॅमकडे जावं लागतं, आणि तो फेरा तीनशे ठोक्यांच्या घरात जातो. सेहेचाळीस आणि तीनशे यांच्यामधल्या या दरीतच गेमिंग प्रोसेसरची खरी परीक्षा होते. कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती हे त्यानंतरचं.

आता ते तीन भाऊ पुन्हा वाचायचे. २६००मध्ये तिसऱ्या पातळीची कॅशे एकूण १६ मेगाबाइट आहे, पण ती आठ-आठच्या दोन भागांत वाटलेली. सहा कोअरही तीन-तीनच्या दोन गटांत. एका गटातल्या कोअरला आपल्या वाटणीचेच आठ मेगाबाइट हाताशी असतात. पलीकडच्या गटातलं काही हवं असेल तर जवळजवळ रॅमइतकाच लांबचा फेरा. ३६००मध्ये कॅशे दुप्पट होऊन ३२ झाली, पण विभागणी तशीच राहिली: सोळा आणि सोळा. ५६००मध्ये एकूण आकडा वाढलाच नाही. बत्तीसचे बत्तीसच. कॅशेत बदललं ते एवढंच, की मधली भिंत काढून टाकली. सहाही कोअर एका गटात आले आणि सगळी कॅशे सगळ्यांची झाली. एका कोअरच्या बाजूने बघा: हाताशी असलेलं भांडार आठचं सोळा आणि सोळाचं बत्तीस होत गेलं, आणि शेवटची दुप्पट एक मेगाबाइटही न वाढवता झाली.

हे फुकट मिळालेलं नाही, आणि मला या रचनेतलं सगळ्यात आवडणारं स्थळ हेच आहे. तिसऱ्या पातळीपर्यंतचा रस्ता ३६००मध्ये ३९ ठोक्यांचा होता. भांडार मोठं झालं तसा तो ४६चा झाला. म्हणजे प्रत्येक फेरी सात ठोक्यांनी महाग झाली. पण रॅमपर्यंतच्या तीनशे ठोक्यांच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या. असा सौदा करायला आपल्या गिऱ्हाइकाचं काम ओळखावं लागतं, आणि एएमडीच्या अभियंत्यांनी गेमचं काम अचूक ओळखलं होतं. कोअरची आतली रचनाही या पिढीत नव्याने मांडली गेली. त्याच वेगावर आधीपेक्षा सरासरी १९ टक्के जास्त काम होतं, हा कंपनीचा त्या वेळचा दावा होता. त्या सुधारणेत इतरही अनेक हातांचा वाटा आहे. तरी गेमपुरतं बोलायचं तर मी पहिला मान या काढलेल्या भिंतीला देईन.

चिपच्या पोटात शिरलं की आणखी एक गोष्ट दिसते. धातूच्या झाकणाखाली सिलिकॉनचे दोन तुकडे असतात. एक तैवानच्या टीएसएमसीत ७ नॅनोमीटर पद्धतीने कोरलेला, सुमारे ८० चौरस मिलिमीटरचा. कोअर आणि कॅशे त्यावर. दुसरा ग्लोबलफाउंड्रीजचा, १२ नॅनोमीटरचा. रॅम आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलणं हे त्याचं काम. पहिल्या तुकड्यावर मुळात आठ कोअर कोरलेले असतात. आठही धड आणि चपळ निघाले तर तो तुकडा ५८००एक्ससारख्या महागड्या प्रोसेसरात जातो. एखाददुसरा कोअर सदोष असेल किंवा वेगाच्या कसाला उतरत नसेल, तर दोन बंद करून त्याचा सहा कोअरचा प्रोसेसर होतो. कोअर दोन गेले, पण कॅशे पूर्ण बत्तीसची ठेवली. स्वस्त वस्तू बनवताना काहीतरी वगळावंच लागतं. काय वगळलं यावरून बनवणाऱ्याची जाण कळते. गेमला सहापलीकडच्या दोन कोअरची उणीव फारशी जाणवत नाही, कॅशे अर्धी केली असती तर लगेच जाणवली असती.

याचा पुरावा शेजारच्याच खोक्यात आहे. ५६०० ज्या दिवशी आला त्याच दिवशी, ४ एप्रिल २०२२ला, रायझन ५ ५५०० आला, १५९ डॉलरला. तोही सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. नावात शंभराचा फरक, किमतीत चाळीस डॉलरचा. पण हा मुळात लॅपटॉपसाठी आखलेला, एका तुकड्याचा प्रोसेसर आहे, आतलं ग्राफिक्स बंद करून विकलेला. त्यात तिसऱ्या पातळीची कॅशे १६ मेगाबाइट, आणि ग्राफिक्स कार्डासाठीचा रस्ता पीसीआयई ३.० पिढीचा. ५६००मध्ये तो ४.० आहे. नावाने जुळा दिसणारा ५६००जी हाही याच १६ मेगाबाइटवाल्या घराण्यातला. त्याचं ग्राफिक्स मात्र जिवंत आहे, त्यामुळे कार्ड घ्यायला सध्या पैसे नाहीत अशा माणसाला तो खरोखर उपयोगी. पण कार्ड हाताशी असताना कुणी ‘सहा कोअर ते सहा कोअर’ म्हणत ५५०० किंवा ५६००जी पुढे सरकवला, तर नम्रपणे नाही म्हणावं. रेडिऑन ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं, चार जीबीचं कार्ड असेल तर पीसीआयई ३.०वर त्याचा श्वास कोंडतो, हेही लक्षात ठेवावं. बी४५० मदरबोर्डवर मात्र ५६०० लावला तरी रस्ता ३.०चाच राहणार. तिथे फरक फक्त कॅशेचा, आणि तोही पुरेसा आहे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. सॉकेटमधून ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो. खोक्यातला कूलर तेवढं पेलतो, आवाज करत पेलतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच तापलेली असते. तिथे साधासा टॉवर कूलर घेतला तर कानांना विसावा मिळेल. चिपला त्याची निकड नाही.

आता सॉकेटविषयी, कारण जुन्या पीसीच्या मालकासाठी निम्मी किंमत तिथेच ठरते. रायझन एएम-४वर २०१७च्या मार्चमध्ये आला. त्याच वर्षी इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. सॉकेट दिसायला तोच ११५१ पिनांचा, पण आधीच्या मदरबोर्डवर ते चालत नव्हते. एएमडीचा रस्ताही निर्वेध नव्हता. मे २०२०मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं, की येणारी झेन-३ पिढी, म्हणजे ५६००चीच पिढी, बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही. ज्यांनी पुढच्या प्रोसेसरच्या भरवशावर ते बोर्ड घेतले होते ते खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. २०२२मध्ये तर बी३५० आणि ए३२० या पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही दार उघडलं. अडचण मुख्यतः बायोसच्या चिपची होती: अनेक बोर्डांवर ती १६ मेगाबाइटची, आणि इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तीत मावेना. काही बोर्डांनी त्यासाठी बायोसची सजावट उतरवली, काहींनी सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून घेतला. ग्राहकांच्या हट्टामुळे जुन्या बोर्डांना असं नवं आयुष्य मिळालं, याचं मला मनापासून कौतुक आहे. जुनाच बोर्ड, जुनीच डीडीआर-४ रॅम, तोच पॉवर सप्लाय. बदलायचा फक्त हाताच्या तळव्यात मावणारा एक चौकोन.

तो चौकोन बदलण्याची रीत मात्र पाळावी. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अद्ययावत करावं. आधी काढून ठेवला आणि नवा ओळखलाच गेला नाही तर पडदा काळा राहतो. पिना एएम-४मध्ये प्रोसेसरच्या अंगाला असतात. वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला इतकी घट्ट धरते, की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटातून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. म्हणून पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या की पुण्यात तापकीर गल्लीत, खोकंबंद प्रोसेसर घ्यावा. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्ट्या ट्रे पीसवर ती नसते. रॅमच्या दोन कांड्या हव्यातच, एका कांडीने मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो. ३६००च्या वेगाची रॅम मिळाली तर चिपच्या आतलं दळणवळण १८०० मेगाहर्ट्झवर तिच्याशी एका तालात चालतं. ३२००ची घरात असेल तर बदलण्याची गरज नाही.

प्रतिस्पर्ध्यालाही न्याय द्यायला हवा. इंटेलचा आय-५ १२४००एफ जानेवारी २०२२चा: सहाही कोअर पूर्ण ताकदीचे, तिसऱ्या पातळीची कॅशे १८ मेगाबाइट, पण दुसऱ्या पातळीवर प्रत्येक कोअरला सव्वा मेगाबाइट. ५६००मध्ये तिथे अर्धाच मेगाबाइट आहे. भांडार लहान, पण उंबऱ्याजवळचा साठा मोठा, ही वेगळी आणि तितकीच विचारी मांडणी. गेममध्ये दोघे तुल्यबळ आहेत. जो सगळं नव्याने जुळवतो आहे त्याने डीडीआर-४च्या बोर्डसह १२४००एफ जरूर पाहावा. त्याचा धाकटा आय-३ १२१००एफ चार कोअरचा. सरासरी आकडे छान दाखवतो, पण मोठ्या शहराच्या गेममध्ये, मागे ब्राउझर आणि मित्रांशी व्हॉइस चॅट चालू असताना, मध्येच अडखळतो. आणि घरात एएम-४चा बोर्ड असताना इंटेलकडे वळणं म्हणजे बोर्डचाही खर्च.

एएम-४वरचा सर्वांत धाडसी प्रयोग ५८००एक्स-३डी. त्यात कॅशेच्या माथ्यावर ६४ मेगाबाइटचा आणखी एक सिलिकॉन तुकडा, सोल्डरचे ठिपके न वापरता, तांब्याला तांबं थेट जोडून बसवला. बत्तीसचे शहाण्णव झाले. या मजल्यासाठी कमाल वेग ५८००एक्सच्या ४.७वरून ४.५वर आणावा लागला आणि उष्णता बाहेर पडायला अवघड झाली. फॅक्टोरिओसारखे हजारो हलत्या वस्तूंचे गेम आणि विमानोड्डाणाचे सिम्युलेटर त्यावर बहरतात. जानेवारी २०२४मध्ये त्याचा संथ भाऊ ५७००एक्स-३डी २४९ डॉलरला आला. ज्याच्याकडे ताकदवान कार्ड आहे आणि जो असेच गेम खेळतो, त्याने या दोघांपैकी एक रास्त भावात मिळाला तर सोडू नये. बाकीच्यांनी वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

आणि ५६०० घेण्याआधी घरीच एक चाचणी करावी. नेहमीचा गेम सुरू करून त्यातल्या सर्वांत गर्दीच्या जागी उभं राहायचं, फ्रेमचा आकडा पाहायचा. मग रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणून त्याच जागी पुन्हा पाहायचा. आकडा होता तिथेच राहिला तर अडवणूक प्रोसेसरची आहे. ५६०० बसवल्यावर हीच जागा पुन्हा पाहावी, आणि सरासरीपेक्षा तळाच्या एक टक्का फ्रेमकडे लक्ष द्यावं, कारण रॅमच्या वाचलेल्या फेऱ्या तिथेच सर्वाधिक दिसतात. रिझोल्यूशन उतरवताच आकडा भराभर चढला तर मात्र दम ग्राफिक्स कार्डाला लागतो आहे. मग २६०० तूर्त आहे तिथेच राहू द्यावा.