व्हाइटवेचे खादी भांडार

कुर्डुवाडी जंक्शनाचे जुने नाव बार्शी रोड. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून बार्शीकडे धावू लागली आणि पूर्वी बैलगाड्यांनी येणारा तिकडचा कापूस इथेच मुंबईच्या मोठ्या गाडीत चढू लागला. मी इथला. त्यामुळे मुंबईतल्या कापडाच्या दुकानासमोर उभा राहिलो की मला आधी कापसाच्या गाठी आठवतात.

फोर्टातल्या डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या खादी भांडाराची इमारत अशीच नेहमी अडवते. रस्ता तेव्हाचा हॉर्नबी रोड. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडावी, असा सरकारी नियम १८९६ चा. आजही भर पावसात त्या पडव्यांतून कोरडे चालता येते. या इमारतीत आधी ‘व्हाइटवे, लेडलॉ आणि कंपनी’चे दुकान होते. १८८२ मध्ये कलकत्त्यात निघालेली ही कंपनी. तिचा संस्थापक रॉबर्ट लेडलॉ पुढे लिबरल पक्षातर्फे ब्रिटिश संसदेत निवडून गेला. त्याच पक्षातर्फे दादाभाई त्याच्या आधी तिथे बसले होते. एकाने हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते हे मांडले, दुसऱ्याने हिंदुस्थानात विलायती माल विकला. पाटी मात्र रस्त्यावर दादाभाईंची लागली.

साहेबाच्या दुकानात खादी आली, म्हणजे इतिहासाने सूड उगवला, अशी या वास्तूची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मला ती अपुरी वाटते. पाटी बदलली, माल बदलला. विकण्याची रीत किती बदलली?

मूळजी जेठा मार्केटात गिऱ्हाईक गादीवर टेकणार, दुकानदार ताग्यामागून तागे उलगडणार, मग भावाची घासाघीस. व्हाइटवेकडे भाव ठरलेला आणि व्यवहार रोखीचा. उधारीवर जगणाऱ्या गोऱ्या साहेबांना हे इतके टोचले, की कंपनीच्या नावाचा ‘राइट अवे अँड पेड फॉर’ असा विनोद झाला. खादी भांडारानेही ठरलेलाच भाव ठेवला. इथे कारण मात्र निराळे होते. कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, हे धोरण चरखा संघाने १९३५ मध्ये घेतले. त्यानंतर खादीच्या भावात घासाघीस करणे म्हणजे तिच्या ताटातला घास काढणे. एकच रीत, एकीकडे व्यापाऱ्याच्या सोयीची, दुसरीकडे कातणारणीच्या हक्काची. (गांधी जयंतीच्या रिबेटची वाट पाहणारे आपण मात्र तसेच राहिलो.)

म्हणूनच २०२२ ची घटना मला लागते. १९५४ पासून हे भांडार चालवणाऱ्या संस्थेचे खादी प्रमाणपत्र त्या फेब्रुवारीत खादी आयोगाने रद्द केले. खादी नसलेला माल खादी म्हणून विकला जातो, हे आयोगाने दिलेले कारण. त्यातले खरेखोटे ठरवणे माझे काम नाही. पण गिऱ्हाइकाला हातसूत आणि गिरणीचे सूत बोटांनी कितीसे ओळखता येते? तो दुकानावर विसंबतो. आणि या दुकानाची पत काही अंशी त्या भारदस्त कमानींची होती, हे कबूल केले पाहिजे. विलायती मालाला जिने वजन दिले, त्याच इमारतीने खादीलाही दिले. बाहेरच्या दगडाला आतल्या ताग्याची शहानिशा करता येत नाही.

१९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमांमुळे जुन्या इमारतींच्या दर्शनी भागांना संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. दुकानाचा इतिहास लिहायला बसलेल्याला मात्र कमानींच्या नकाशाइतकीच खरेदीची वही लागते. सूत कुठून आले, कोणी कातले, किती मजुरी दिली. बार्शीकडच्या कापसाचा धागा त्यातून कधी गेला का, हे मला त्या वहीतच शोधायचे आहे.