मास्तरांनी कळवलेली भुते

१९१५ साली मुंबईत ‘फोकलोअर नोट्स’ या नावाच्या इंग्रजी पुस्तकाचा दुसरा खंड छापला गेला. हा खंड कोकणाचा आहे. मुखपृष्ठावर नावे आहेत ए. एम. टी. जॅक्सन आणि आर. ई. एन्थोवेन यांची. जॅक्सन हे नाशिकचे कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच हे जॅक्सन. शाळेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख तेवढ्यापुरताच येतो. लोकसमजुती गोळा करण्याचा त्यांना नाद होता, हे तिथे येत नाही. त्यांच्यामागे उरलेली टिपणे एन्थोवेन यांनी लावून प्रसिद्ध केली.

पण हे पुस्तक खरे लिहिले कोणी? पानांच्या तळाशी पाहिले की उत्तर मिळते. शाळामास्तर मालवण, शाळामास्तर उभादांडा, शाळामास्तर आचरे, शाळामास्तर चौक, अशा टिपा पानोपानी आहेत. गावोगावच्या शिक्षकांकडे प्रश्नावली गेली, त्यांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतून ग्रंथ उभा राहिला. काही जाणत्या गृहस्थांची नावे दिलेली आहेत. मास्तरांच्या वाट्याला मात्र हुद्दा आणि गाव एवढेच आले आहे. शिक्षकांच्या मासिकात या जुन्या पुस्तकाची दखल घ्यावी असे आम्हाला वाटले ते यामुळेच. शंभरावर वर्षांपूर्वी आपल्याच पेशातील माणसांनी भुतांची ही जंत्री तयार केली आहे, आणि अशा जंत्रीत पुढे जे दोष शिरतात त्यांचा उत्तम नमुना म्हणूनही ती वाचण्याजोगी आहे.

जंत्री भरगच्च आहे. भुतांचे मुळात दोन वर्ग, घरचे आणि बाहेरचे. मग प्रकार येतात: वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, म्हसोबा, जखीण, लावसट, हडळ. प्रत्येकापुढे त्याची उत्पत्ती दिलेली आहे. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा मेला की मुंजा. बुडून मेलेला किंवा खून झालेला माणूस गिऱ्हा. खारवी किंवा कोळी मेला तर झोटिंग. मुसलमान, महार किंवा मांग मेला तर खवीस. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, आणि बाळंतपणात दहा दिवसांच्या आत गेली तर हडळ.

ही यादी एकदा सावकाश वाचून पाहावी. वनस्पतिशास्त्रात वर्गीकरण करताना आपण पानांची रचना, फुलांचे भाग, बिया पाहतो. म्हणजे जी वस्तू वर्गात घालायची तिचेच गुण पाहतो. इथे भुताच्या अंगचा एकही गुण वर्गीकरणाला आधार नाही. आधार आहे तो मेलेल्या माणसाची जात, त्याचे लग्न आणि मरणाची तऱ्हा यांचा. म्हणजे गावात जिवंतपणी जी उतरंड होती तीच मेल्यावर पिंपळावर, पाणवठ्यावर आणि वेशीवर जाऊन बसली. ब्राह्मणाच्या मुलाचे भूत पिंपळावर राहते आणि फारसे वाईट नसते. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांचे भूत मात्र भयंकर. भुताच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ही यादी कुचकामाची आहे. त्या काळच्या समाजाचा पुरावा म्हणून मात्र ती फार मोलाची आहे, आणि ती जशीच्या तशी लिहून कळवणाऱ्या मास्तरांचे आपण आभारच मानले पाहिजेत.

संपादकांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. प्रकरणांची मांडणी पाहिली की ती विल्यम क्रुक यांच्या उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरच्या पुस्तकाशी मिळतीजुळती आहे हे लगेच ध्यानात येते. कप्पे आधी तयार होते, कोकणची माहिती त्यांत भरली गेली. त्याचा सर्वांत मोठा फटका देवचाराला बसला. मेलेल्या शूद्राचे भूत म्हणून तो दुष्ट मृतांच्या प्रकरणात जाऊन पडला आहे. गावाच्या चारी बाजूंना तो राहतो एवढे पुस्तकात आहे, पण का राहतो याचा विचार नाही. दक्षिण कोकणात आणि पेडण्यात कोणालाही विचारा, देवचार हा राखणदार आहे. रात्री काठी आपटत तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून पोचवतो, असे लोक सांगतात. त्याला भितात हेही खरे, पण ते भिणे वडीलधाऱ्याला भिण्याच्या जातीचे आहे. दुष्ट आणि राखणदार यांतला भेद जिथे पुसला जातो तिथे निरीक्षण संपते.

याहून खोल दोष प्रश्नातच आहे. तुमच्या गावात भुतांविषयी काय समजुती आहेत, अशा धर्तीचे प्रश्न मास्तरांना होते. त्यामुळे जवळपास प्रत्येक वाक्य ‘असे मानतात’ या वळणाचे आले. अमुक माणसाने, अमुक रात्री, अमुक ठिकाणी काय पाहिले, हे सापडणे कठीण. याच सुमाराचे एक वेगळे उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १८८२ साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने हेन्री सिजविक यांच्या पुढाकाराने एक गणती केली; तिचा अहवाल १८९४ चा. पूर्ण जागे असताना, बाहेर कोणतेही कारण नसताना, आपल्याला काही दिसले, ऐकू आले किंवा कोणी स्पर्श केल्यासारखे वाटले असे कधी झाले आहे का, हा त्यांचा प्रश्न. सतरा हजार माणसांना तो विचारला गेला आणि शंभरात सुमारे दहांनी होकार दिला. त्या संस्थेच्या पुढच्या निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही. पण प्रश्न चांगला होता. त्यात भूत हा शब्दच नव्हता. आणि उत्तरातून एक पक्की गोष्ट हाती लागली: धडधाकट, शहाण्या माणसांनाही असे अनुभव येतात, आणि ते काही दुर्मीळ नाहीत.

हे पुस्तक बरोबर घेऊन आम्ही काही दिवस आरोंद्यास राहिलो. सावंतवाडी तालुक्यातले हे गाव तेरेखोलच्या खाडीकाठी आहे. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. पुस्तक निघाले तेव्हा अलीकडे सावंतवाडीचे संस्थान होते आणि पलीकडे पोर्तुगीज. (भुतांना अर्थातच परवाना लागत नव्हता. दोन्ही काठांवरचा देवचार एकच.) तिथल्या शिक्षकांच्या आणि वयस्क मंडळींच्या बैठकीत आम्ही यादी वाचून दाखवली तेव्हा प्रत्येक नावाला एक गोष्ट निघाली, आणि प्रत्येक गोष्ट आज्याच्या, मामाच्या किंवा शेजारवाडीतल्या कोणाच्या तरी तोंडची. मग आम्ही प्रश्न बदलला. तुम्हाला स्वतःला काय झाले तेवढेच सांगा. बैठक एकदम शांत झाली. थोड्या वेळाने जे निघाले ते थोडे होते, पण अस्सल होते.

एका गृहस्थांनी सांगितले की तरुणपणी पहाटे जाग आली, डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण हातपाय हलेनात, आवाज फुटेना आणि छातीवर कोणी बसले आहे. मुंजाच तो, असे घरच्यांनी ठरवले. ही झोपेतली एक ओळखीची अवस्था आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खाटेवरून उडी मारू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंची सुटका काही क्षणांनी होते. स्वप्नाचा अंशही चालूच असतो. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली काढलेल्या अंदाजानुसार शंभरात सात-आठ माणसांना आयुष्यात एकदा तरी हे होते; विद्यार्थ्यांमध्ये प्रमाण बरेच जास्त, शंभरात अठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे तुमच्या वर्गातही असे कोणी असण्याचा संभव आहे. त्याला ‘तुला भास झाला’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘मुंजा बसला’ म्हणणेही. त्याला जे जाणवले ते जाणवलेच होते.

गिऱ्ह्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. अमावास्येच्या रात्री खाडीत उतरू नये, गिरो पाय ओढतो, असे आरोंद्यास ऐकले. “गिरो खंय दिसता? पाय ओढता तेव्हाच कळता,” असे एक म्हातारे म्हणाले. आता भरतीचे गणित पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा. पंधराव्या तिथीला तो सव्वाअकरा दाखवतो, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर ओहोटी लागते, आणि ती उधाणाची ओहोटी असते. भांगाच्या दिवसांत पाणी थोडेच चढते-उतरते. उधाणाला इकडे सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. तेवढे पाणी तेवढ्याच वेळात खाडीच्या मुखातून बाहेर पडायचे म्हणजे ओढ वाढणारच. मध्यरात्रीनंतर कमरेएवढ्या पाण्यातून जाणाऱ्याचा पाय खरोखर ओढला जाईल.

इथे थांबून ‘पाहा, विज्ञानाने उलगडा केला’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा अजून नुसता तर्क आहे. चंद्र पूर्ण असताना ओढ तेवढीच असते, मग पौर्णिमेला गिऱ्हा का नाही? कारण ओढीचे असेल तर बुडण्याचे प्रसंग दोन्ही तिथींना सारखे हवेत. अंधाराचे असेल तर अमावास्येलाच जास्त हवेत. आणि नुसत्या आठवणीचे असेल, म्हणजे अमावास्येला बुडालेला लक्षात राहतो आणि अष्टमीला बुडालेला विसरला जातो असे असेल, तर तिथीचा काही संबंधच दिसणार नाही. हे तपासता येते. खाडीकाठच्या गावांतल्या जुन्या मृत्युनोंदी आणि पंचांग एवढेच साहित्य लागेल.

लगेच उलगडा करण्याची घाई आपल्या विज्ञानप्रसाराच्या लेखनातही फार आहे, म्हणून हे लांबण लावले. दलदलीवरचा उजेड म्हणजे पेटलेला मिथेन, हे वाक्य किती पुस्तकांत छापले गेले असेल! मिथेन आपोआप पेटत नाही. तो पेटवणारे फॉस्फरसचे वायू सुचवले गेले आहेत, पण दलदलीत तसे घडताना समाधानकारकरीत्या दाखवले गेलेले नाही. उलट आंबोलीच्या रानात पावसाळ्यात कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड देणारी बुरशी खरोखर पाहायला मिळते. १९९८ साली इंग्लंडमध्ये विक टँडी या अभियंत्याने सेकंदाला सुमारे १९ कंपनांच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने भुताचा भास होतो असे मांडले. ते गाजले, आजही सांगितले जाते. पण पुढे लंडनमध्ये मुद्दाम बांधलेल्या खोलीत असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे सोडून पाहिली, तेव्हा लोकांना विचित्र अनुभव तर आले, पण त्यांचा संबंध ध्वनीशी लागला नाही. काहीतरी जाणवेल असे आधी सांगितल्यावर ते जाणवणे, याकडेच बोट वळले. भूत मानायला भाग पाडील असा एकही प्रसंग आम्हाला आजवर आढळलेला नाही. पण भूत नाही म्हणून हाताशी येईल ते कारण चिकटवून देणे हेही विज्ञान नव्हे.

आता हडळीकडे वळू, कारण खरा जीव तिथे गुंतलेला आहे. बाळंतपणानंतर दहा दिवसांत मरणारी बाई. १९१५ च्या कोकणात हे मरण बहुतेक रक्तस्रावाचे किंवा सूतिकाज्वराचे. ज्वर वाढला की रोगी बरळतो. शिवाय हजार बाळंतिणींत एक-दोघींना पहिल्या पंधरवड्यात तीव्र मानसिक आजार होतो. ती झोपत नाही, असंबद्ध बोलते, कधी बाळाच्या जिवावर उठते. अशा बाईला झाड लागले म्हणायचे, तापाने ती गेली की तिलाच हडळ ठरवायचे, आणि पुढच्या बाळंतिणीला तीच धरते असे मानायचे. जंतूंना मोकळे रान देणारी याहून पक्की व्यवस्था शोधून सापडणार नाही. पुस्तकात हडळीचे वर्णन आहे, तिला हटवण्याचे उपाय आहेत. बाया मरतात कशाने, हा प्रश्न प्रश्नावलीत नसल्यामुळे उत्तरातही नाही. महाराष्ट्रात, २०१८ ते २०२० च्या आकड्यांनुसार, एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. हडळी कमी झाल्या त्या रक्तपुरवठ्याने, प्रतिजैविकांनी आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी.

मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र भगत अजून आधी येतो आणि डॉक्टर नंतर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू चावलेल्याला उपचार घेऊ न देणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. देवचाराला नारळ ठेवणाऱ्याला या कायद्याची भीती नाही. एन्थोवेन यांच्या यादीला जो भेद करता आला नाही तो कायद्याने केला आहे.

शिक्षकांकडे आज कोणी कलेक्टर प्रश्नावली पाठवत नाही, ती त्यांनाच करावी लागेल. आरोंद्याच्या बैठकीत शेवटी जो मसुदा तयार झाला त्यात चारच ओळी आल्या: तुम्हाला स्वतःला काय दिसले, ऐकू आले किंवा जाणवले, किती वाजता, कोणत्या तिथीला, त्या आधी किती झोप झाली होती, ताप होता का, आणि त्या जागेविषयी आधी कोणी काही सांगितले होते का. चौथी ओळ मुलांना शेवटी विचारायची, आधी नाही.